चीन आगगाडीने: शांघाय, बीजिंग आणि मध्येच उतरलेली एक 'वाडी'

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या पाळण्यात बसायला भिणारी मी, साठी ओलांडल्यावर ताशी साडेतीनशेच्या गाडीत बसून आले. तेरा दिवस, तिघं जण: मी, आमचे हे आणि नणंदबाई. टूर कंपनी नाही, झेंडा घेऊन पुढे चालणारा गाइड नाही. सगळं फिरणं रेल्वेने. परतल्यापासून ओळखीपाळखीचे फोन करून तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच इथं लिहिते.

चीनच का, ते आधी सांगते. माझं माहेर सोलापुरातलं, भैय्या चौकाच्या पलीकडचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर, जे आता स्मारक आहे, ते आमच्या रोजच्या रस्त्यावर. पुढे शाळेत शिकवायला लागले तेव्हा दर १० ऑक्टोबरला, त्यांच्या जन्मदिवशी, वर्गात त्यांची गोष्ट सांगायची. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, चौघं परत आले, आमचा सोलापूरचा माणूस तिथंच राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. एका वर्षी चौथीतली एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, त्यांना तिथं कुठं ठेवलंय? तुम्ही बघितलंय?" नाही बघितलं म्हणाले. ते 'नाही' पंधरा वर्षं डोक्यात होतं.

तर मार्ग असा: दिल्लीहून थेट विमानाने शांघाय (ही थेट विमानं पुन्हा सुरू झाली म्हणूनच हे जमलं). शांघाय ते बीजिंग, १३१८ किलोमीटर, साडेचार तास. बीजिंगहून शिजियाझुआंग, म्हणजे कोटणीसांची समाधी आहे ते शहर. तिथून थाययुआनमार्गे शिआन, ते मातीचे सैनिक बघायला. आणि शिआनहून रात्रीच्या स्लीपरने परत शांघाय.

रेल्वेचा खर्च माणशी तेराशे युआनच्या आसपास आला. युआन बारा-तेरा रुपयांचा धरा.

फजित्या दोन झाल्या. एक स्टेशन चुकलं. दुसरी ह्यांच्या अडकित्त्याची. विचारा काय विचारायचं ते. सावकाश उत्तर देईन, नातू मांडीवर असतो.

सातरस्ता | रविवार, ९.४२

काय बाई, डायरेक्ट चीन! आम्ही इथं कामावरून विजापूर रोडला वेळेत पोचूलालो नाही, तुम्ही साडेचार तासात तेराशे किलोमीटर. आधी अडकित्त्याचं सांगा की.

लाल_झेंडी | रविवार, १०.०५

मी निवृत्त गार्ड. (२०२२ पासून आम्हाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण मी त्याआधीच सुटलो, म्हणून गार्डच.) तांत्रिक माणूस असल्याने विचारतो: स्टेशनची व्यवस्था कशी असते? प्लॅटफॉर्मवर कसं सोडतात? गेज (दोन रुळांमधलं अंतर) त्यांचं १४३५ मिलिमीटर, आपलं १६७६, म्हणजे आपली गाडी रुंद. तरी ते एका ओळीत पाच सीट बसवतात म्हणे?

कडकभाकरी | रविवार, दुपारी १.३०

@लाल_झेंडी, हो, सेकंड क्लासला तीन आणि दोन. सीटला A, B, C आणि मग D, F. मधला E गायब. खिडकी हवी असेल तर A किंवा F. आम्हाला पहिल्या गाडीत D आणि F मिळाल्या आणि आमचे हे E कुठं आहे म्हणून सीटखाली वाकून बघत होते.

स्टेशनची पद्धत मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने नीट समजून घ्यावी. आपल्याकडे कसं, डबा कुठं लागणार ते बघत आधी प्लॅटफॉर्मवर पथारी. तिथं प्लॅटफॉर्मवर जाताच येत नाही. आधी बाहेर पासपोर्ट दाखवायचा, मग सामान मशिनमधून, मग अंगाला काठी फिरवतात, मग एक एवढा मोठा हॉल की पार्क मैदान आत मावेल. तिथं बसायचं. गाडी सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आपल्या गाडीचं गेट उघडतं, रांग लागते, लोक खाली उतरतात. आणि सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद. गाडी समोर उभी दिसत असली तरी बंद. आपल्यासारखं हुतात्मा एक्सप्रेस हलायला लागल्यावर पळत दांडी पकडायचं काम नाही.

कागदाचं तिकीट नाही. पासपोर्ट हेच तिकीट. तिथल्या लोकांचं ओळखपत्र मशिनवर टेकलं की फाटक उघडतं, आपण मात्र कडेच्या माणूस असलेल्या गेटवर जायचं. काही ठिकाणी मशिनही पासपोर्ट वाचतं. पण त्या भानगडीत मागच्यांचा खोळंबा होतो, म्हणून आम्ही आपलं माणसाकडेच.

लाल_झेंडी | रविवार, १.४१

म्हणजे पोचवायला आलेल्यांनी काय करायचं?

कडकभाकरी | रविवार, १.४४

बाहेरूनच हात हलवायचा. नणंदबाईंना हेच सगळ्यात खटकलं. "खिडकीतून पाण्याची बाटली द्यायला कुणी नाही, ही कसली रेल्वे?"

सातरस्ता | रविवार, १.५०

अडकित्ता!!

कडकभाकरी | रविवार, २.१५

बरं बाबा. ह्यांना जेवणानंतर सुपारी लागते. पितळी अडकित्ता, सासऱ्यांचा, मोराच्या आकाराचा. विमानात चेक-इन बॅगेत होता, म्हणून काही झालं नाही. रेल्वेला सगळं सामान आपल्याच हातात, सगळं मशिनमधून जातं. एका स्टेशनात (नाव नको) पडद्यावर तो मोर दिसला आणि मुलीने बॅग बाजूला घेतली. चाकू-कात्रीवर तिथं फार कडक आहेत. ती उघडझाप करून बघते, हे खिशातून सुपारी काढून दाखवतात, तिला सुपारीही कळेना. शेवटी ह्यांनी तिच्या टेबलावरच एक सुपारी कातरली. कट् असा आवाज झाला आणि तिघं पोलीस बघायला आले. सगळे हसले, पण अडकित्ता काही दिला नाही. वहीत सही घेतली, डब्यात टाकला. हे शिआनपर्यंत गप्प होते.

बॅगेतली शेंगाचटणी मात्र सुटली. झाकण उघडलं, वास घेतला, शिंकली, परत दिली.

टेरीटॉवेल | रविवार, ४.२०

बाई, जातानाच विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी धंद्यामुळे दहाएक वेळा गेलोय, ग्वांगचौच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला आणि शाओशिंगच्या ख-छ्याओ कापड बाजाराला. लोक अॅप-अॅप करतात, त्याबद्दल थोडं लिहितो.

तिकिटं '१२३०६' या त्यांच्या सरकारी अॅपवर. आपलं आयआरसीटीसी समजा, फक्त नावाऐवजी आकडा. इंग्रजी आहे त्यात. पासपोर्टचा फोटो टाकून नोंदणी करावी लागते, ती घरून निघायच्या आधी करा, पडताळणीला वेळ जातो. तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी उघडतात. आपल्यासारखं साठ दिवस आधी काही नाही, त्यामुळे निघायच्या आधी सगळी तिकिटं हातात नसणार, त्याने घाबरू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. एका एजंटाने माझं आडनाव आधी, नाव नंतर, आणि मधलं नाव उडवून टाकलं होतं. गेटवरची बाई हसत होती पण सोडत नव्हती. तिकीट रद्द करून नवीन काढावं लागलं.

सण टाळा. चिनी नवं वर्ष आणि १ ऑक्टोबरचा आठवडा, सगळा देश गाडीत असतो. तेव्हा 'बिनसीटचं' तिकीट मिळतं, बुलेट गाडीलासुद्धा. उभं राहायचं, आणि भाडं सीटवाल्याएवढंच. आपल्या जनरलवाल्याला निदान भाडं तरी कमी असतं.

पैसे अलीपेवर, म्हणजे फोनवरून पैसे द्यायचं तिथलं अॅप. आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड त्याला जोडायचं. दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा आकार नाही, वर गेलं की तीन टक्के. म्हणून मोठं बिल तुकड्यात देतो मी, चिंधीबाजार म्हणा.

विडीघरकुल | रविवार, ५.०२

वेटिंग लिस्ट असते का? आरएसी?

टेरीटॉवेल | रविवार, ५.१०

वेटिंग असतं, पैसे आधी भरून नाव लावायचं. मिळालं तर मिळालं, नाही तर पैसे परत. पण वेटिंगचं तिकीट घेऊन डब्यात घुसून टीसीशी बोलू, हे नाही. आरएसी तर नाहीच. अर्ध्या सीटवर बसून दौंडपर्यंत नशीब बघत जाण्यात जी मजा आहे ती त्यांना माहीत नाही.

हिप्परगातलाव | रविवार, रात्री ८.३५

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. सीमेवर आपले जवान मेले, आणि आपण तिकडे फिरायला जाऊन पैसे घालवायचे? सोलापूरच्या यंत्रमागाची वाट कुणी लावली?

कडकभाकरी | रविवार, रात्री ९.१०

राग नाही. माझ्या घरात यंत्रमागच होते. ह्यांनी पंचवीस वर्षं चादरी विणल्या, माग भंगारात गेले तेव्हा लिलावाला मीही उभी होते. जायचं की नाही यावर आमच्या घरात दोन महिने बोलणं झालं, धाकटा तर तुमच्याच शब्दांत बोलला. मी गेले ते एका माणसाच्या समाधीला. तुम्हाला नाही पटलं तर नाही पटलं.

टेरीटॉवेल | रविवार, ९.२५

यंत्रमागाचा वेगळा धागा काढू. तिथं मी दोन्ही बाजूंनी भांडीन.

शेळगी_ते_शेनझेन | सोमवार, सकाळी ७.१५

बाई, खूप छान. मी नोकरीमुळे इकडे सहा वर्षं आहे. एक गंमत सांगतो. चिनी भाषेत रेल्वेगाडीला 'हुओ-छ' म्हणतात. हुओ म्हणजे आग, छ म्हणजे गाडी. अक्षरशः आगगाडी! आपण तो शब्द सोडून 'ट्रेन' म्हणायला लागलो, ते बुलेटच्या जमान्यातही आगगाडीच म्हणतात. फक्त वेगवान गाडीला 'गाओ-थ्ये'.

दुसरं, दिशा पाठ करून घ्या: पूर्व तोंग, पश्चिम शी, दक्षिण नान, उत्तर बेई. एका शहरात चार-पाच स्टेशनं असतात आणि नावाच्या शेवटी यातलं एक असतं. तेवढं एक अक्षर चुकलं की दीड तास गेला.

कडकभाकरी | सोमवार, ८.४०

@शेळगी_ते_शेनझेन, हे तुम्ही एक महिना आधी सांगायला हवं होतं हो! तीच आमची पहिली फजिती. शांघायहून आलो ते बीजिंग 'नान'ला. म्हणून शिजियाझुआंगला जातानाही सकाळी हॉटेलातून थेट नानला. फलकावर आमची गाडीच नाही. पुण्यात गाडी हडपसरहून आहे की पुणे स्टेशनहून, हे न बघता निघणारी माणसं आम्ही, बीजिंगमध्ये काय वेगळं करणार? गाडी होती बीजिंग 'शी'हून. पन्नास मिनिटं उरलेली, मेट्रोने तिकडे पोचून तपासणी होईस्तोवर गेली असती. खिडकीवर गेले, तिन्ही पासपोर्ट ठेवले, फोनवर भाषांतर करून दाखवलं: 'आम्ही चुकीच्या स्टेशनात आलो आहोत.' तिने मान डोलावली, रोजचंच असावं, आणि दोन तासांनंतरच्या गाडीत बदलून दिलं. गाडी सुटायच्या आत गेलो म्हणून सोपं झालं. ती चूक सर्वस्वी आमची.

भाजीभाकर | सोमवार, ११.३०

काकू, आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो पण अंडंसुद्धा नाही. सासूबाई बरोबर. उपाशी मरू का?

कडकभाकरी | सोमवार, दुपारी २.२०

मरणार नाही, मी लिंगायत घरातली आहे, जिवंत परत आलेय.

प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते. प्रत्येक डब्यात, बुलेट असो की साधी. त्याला 'खाय-श्वेइ' म्हणतात. अख्खा देश त्या नळावर चालतो: कुणी चहाची पानं घातलेली बाटली भरतंय, कुणी कपातल्या शेवया. शेवयांत बहुतेक वेळा गोमांसाची नाही तर कोंबडीची पूड, ते आपल्याला नको. आम्ही काय केलं, घरून कडक भाकरीचे पंचवीस पापुद्रे नेले होते, बाजरीच्या आणि ज्वारीच्या, कागदात गुंडाळून. स्टीलच्या डब्यात भाकरी चुरायची, वर दोन चमचे शेंगाचटणी, मीठ, आणि त्या नळाचं पाणी. झाकण लावून पाच मिनिटं. शेंगदाण्याचं तेल वर तरंगतं, भाकरी मऊ होते पण गिच्च होत नाही, मध्येच एखादा कडक तुकडा दाताखाली येतो. शेजारची बाई इतकी बघत होती की तिला वाटीत काढून दिलं. तिने अंगठा दाखवला, मग डोळ्यांतून पाणी, मग पुन्हा वाटी पुढे. तिने आम्हाला सोललेलं पोमेलो दिलं.

बाहेर खाताना 'वो छ सू' म्हणायचं, मी शाकाहारी. पण त्यावर विसंबू नका. त्यांच्या शाकाहारात कधी रस्सा हाडांचा असतो, कधी वर खिमा भुरभुरवलेला. फोनवर चिनीत सविस्तर लिहून ठेवा: मांस नको, मासे नको, अंडं नको, हाडांचा रस्साही नको. टोमॅटोची भाजी मागितली की त्यात अंडं येणारच, ते आधी सांगा. वांगं, बटाट्याचा कीस, टोफू, पालेभाजी, भात हे सगळीकडे मिळतं. बौद्ध मंदिरांजवळ पूर्ण शाकाहारी खाणावळी सापडल्या, तिथं सासूबाईंना न्या.

भाजीभाकर | सोमवार, २.५५

पापुद्रे मोडले नाहीत?

कडकभाकरी | सोमवार, ३.०१

मोडले. चुरायचेच होते.

सातरस्ता | सोमवार, ३.१०

दुपारी तीन वाजता हे वाचून कडक भाकरी घ्यायला निघालोय. ऑफिसात विचारलं तर बाईंचं नाव सांगीन.

लाल_झेंडी | सोमवार, संध्या. ६.४०

बाई, कोटणीसांच्या गावाबद्दल अजून लिहिलं नाहीत. आम्ही त्यासाठी थांबलोय.

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०.३०

नातू झोपला. लिहिते.

शिजियाझुआंग हे नाव तोंडात बसायला दोन दिवस लागले. तिथले लोक 'श्र-ज्या-ज्वांग' असं काहीतरी घाईत म्हणतात. मग हॉटेलातल्या मुलाने अर्थ सांगितला: 'ज्वांग' म्हणजे खेडं, वस्ती, आणि पुढचं घराण्याचं नाव. म्हणजे शी घराण्याची वाडी. आमचे हे लगेच म्हणाले, "कुर्डुवाडी!" आणि खरोखर आपल्या त्या रेल्वे जंक्शनसारखीच गोष्ट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते लहानसं खेडं होतं. बीजिंगहून दक्षिणेला जाणारी मोठी लाइन आणि थाययुआनकडून डोंगर उतरून येणारी लहान रुळांची लाइन तिथं एकत्र आल्या, माल एका गाडीतून दुसरीत उतरायला लागला, हमाल आले, गोदामं आली, गाव वाढत गेलं. आज ती अख्ख्या हबेई प्रांताची राजधानी आहे.

बीजिंगहून अंतर २८१ किलोमीटर, म्हणजे सोलापूर-पुण्यापेक्षा थोडं जास्त. सव्वा तासात उतरलो. भाडं सव्वाशे युआनच्या आसपास. डब्यातून आमच्याशिवाय एकही परदेशी उतरला नाही. पर्यटक बीजिंगहून थेट शिआनला जातात, इथं त्यांना बघण्यासारखं काही नाही.

स्टेशनातून मेट्रो. एकदा बदलायची, मग लाइन १. उतरायच्या स्टेशनाचं नाव 'लिएश लिंगयुआन'. फोनने भाषांतर केलं: हुतात्मा समाधीस्थान. हुतात्मा एक्सप्रेसच्या गावची माणसं आम्ही, हुतात्मा स्टेशनात उतरलो. त्याच्या पुढचं स्टेशन 'शांतता रुग्णालय', ते बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरच्या नावाच्या रुग्णालयाजवळचं. त्या रुग्णालयाचे पहिले प्रमुख कोटणीस, १९४१ साली. तेव्हा ते डोंगरातल्या खेड्यांत होतं, आता शहरात आहे.

आत उंच सरू, स्वच्छ रस्ते. तिकीट पडलं नाही. त्या नॉर्मन बेथ्यूनचीही समाधी तिथंच. आणि मग पांढरा पुतळा. अंगात लष्करी वेश, तरुण चेहरा. मी इतकी वर्षं वर्गात 'डॉ. कोटणीस' म्हणताना डोळ्यांसमोर एक पोक्त माणूस आणायचे. हा तर आमच्या धाकट्यापेक्षा लहान.

शिलालेखावरचं नाव वाचता येत नव्हतं. एक आजोबा नातीला घेऊन आले होते, त्या मुलीने बोट ठेवून म्हणून दाखवलं: ख दी-ह्वा. त्यांचं चिनी नाव. 'ह्वा' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी ते 'ह्वा' लावून घेतलं होतं. आणि मुलाचं नाव ठेवलं यिन-ह्वा. यिन म्हणजे भारत. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना कोटणीस गेले.

मी फोनवर लिहिलं: 'यांचं घर आणि माझं माहेर एकाच भागात आहे.' आजोबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि बाजूला सरकून मला पुतळ्यासमोर मधोमध उभं केलं, जणू मी घरची.

नणंदबाईंनी हळद-कुंकू आणलं होतं, पण तिथली स्वच्छता बघून पुडी काढलीच नाही. मी तिथल्याच दुकानातली पांढरी शेवंती ठेवली. आमचे हे मागे हात बांधून उभे. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "इकडच्या थंडीत हा सोलापूरचा माणूस काय पांघरत असेल गं?"

बास, एवढंच. तासभर बसलो.

हिप्परगातलाव | सोमवार, रात्री १०.५८

वाचलं.

शेळगी_ते_शेनझेन | मंगळवार, सकाळी ६.५०

बाई, मी सहा वर्षांत गेलो नाही. शेनझेनहून थेट गाडी आहे, तीच बीजिंग-ग्वांगचौ लाइन. लाजच वाटली.

एक भर घालतो. वेळ असणाऱ्यांनी हबेईतल्याच थांगश्येनलाही जावं. बेथ्यून आणि कोटणीस या दोघांचं मिळून एक स्मारक-संग्रहालय तिथं आहे, आणि ज्या भागात ते शेवटी होते तो डोंगराळ भाग तोच. तिथं बुलेट जात नाही, बसने जावं लागतं.

लाल_झेंडी | मंगळवार, ७.३०

ती 'लहान रुळांची लाइन' म्हणजे मीटरगेज, १९०७ मध्ये पूर्ण झालेली. आपली बार्शी लाइट त्याच्याही दहा वर्षं आधीची, १८९७, आणि त्याहून अरुंद, अडीच फूट. कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या डब्यातून नॅरोगेजच्या डब्यात पोती चढवताना मी लहानपणी बघितलंय. त्यामुळे तुमच्या ह्यांनी 'कुर्डुवाडी' म्हटलं ते शंभर टक्के बरोबर. फरक इतकाच की त्या वाडीची राजधानी झाली आणि आमच्या वाडीत अजून चहा चांगला मिळतो.

थाययुआनमार्गे गेलात म्हणजे थायहांग डोंगराचा बोगदा लागला असेल. २७ किलोमीटरहून लांब आहे तो. कसा वाटला?

कडकभाकरी | मंगळवार, १०.१५

बोगदा सुरू झाला तेव्हा नणंदबाईंनी रामरक्षा सुरू केली. खंडाळ्याच्या हिशेबाने. रामरक्षा संपली, मारुती स्तोत्र संपलं, बोगदा चालूच. कानात दडे बसतात थोडे, तोंडात लिमलेट ठेवा.

आई_दोन_मुलांची | मंगळवार, ११.००

लहान मुलांना किती भाडं? आणि रात्रीची स्लीपर सुरक्षित आहे का? टॉयलेट?

कडकभाकरी | मंगळवार, १२.१०

सहा ते चौदा वयाला अर्धं. सहाच्या आतल्याला, एका मोठ्याबरोबर एक, सीट न घेता फुकट. पासपोर्ट सगळ्यांचा लागतोच.

स्लीपर दोन प्रकारची. 'हार्ड' म्हणजे एका कप्प्यात सहा बर्थ, दार नाही. आपली थ्री-एसीच, फक्त साइड बर्थ नाहीत. त्या जागी खिडकीशी घडीच्या खुर्च्या आणि चिमुकलं टेबल, तिथं बसून रात्री बाहेर बघत राहायचं. 'सॉफ्ट' म्हणजे चार बर्थ आणि दार. नाव हार्ड असलं तरी गादी मऊ आहे, उशी-पांघरूण मिळतं. खालचा बर्थ सगळ्यात महाग, वरचा स्वस्त आणि माळ्यासारखा उंच. गुडघे दुखत असतील तर पैसे वाचवू नका. दहा वाजता दिवे जातात, कुणी गाणी लावत नाही, चहा-चहा ओरडत कुणी येत नाही. मला तर झोपच लागेना. आमच्या ह्यांनी पांघरुणाची खोळ बोटांत चोळून सांगितलं, "पॉलिएस्टर जास्त आहे," आणि घरून नेलेली चादर काढली.

टॉयलेट दोन्ही प्रकारचे, पण भारतीय पद्धतीचे जास्त. कागद आपला न्यावा. पाण्याची सवय असेल तर बाटली.

आणि शिआनला लक्षात ठेवा: बुलेट 'बेई'ला लागते, पण आमची रात्रीची गाडी जुन्या स्टेशनातून होती, तटबंदीला खेटून असलेल्या. या वेळी तीनदा बघितलं.

विडीघरकुल | मंगळवार, १.३०

ल्हासाची गाडी केली नाही?

टेरीटॉवेल | मंगळवार, १.४८

तिबेटला परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो, आणि तो मान्यताप्राप्त टूरबरोबरच. एकट्याने तिकीट काढून चढता येत नाही. गाडी २००६ पासून आहे, थांगुला खिंडीत ५०७२ मीटरवरून जाते, डब्यात प्राणवायू सोडतात. आमच्या एका भावकीतल्याने तरी डोकं धरलं होतं.

भाजीभाकर | मंगळवार, संध्या. ५.२०

काकू, ह्यांनी सुट्टी टाकली. सप्टेंबर. शांघाय, बीजिंग, आणि मध्ये एक दिवस तुमची ती वाडी. सासूबाई म्हणतात कडक भाकरी किती न्यायची?

कडकभाकरी | मंगळवार, ५.४१

माणशी दिवसाला एक, आणि वर पाच वाटायला. वीस किलोच्या वर सामान नेऊ देत नाहीत, त्यात बसवा. चटणीचा डबा पिशवीत वरच ठेवा, उघडून दाखवावाच लागतो. ऑक्टोबर जवळ आला की गर्दी, म्हणून पंधरा सप्टेंबरच्या आत परता.

सातरस्ता | मंगळवार, ५.५०

आणि सुपारी?

कडकभाकरी | मंगळवार, ५.५२

कातरून न्या.